डावखुऱ्या कंडक्टरची चित्रं

"हा माणूस उजवा आहे," काका म्हणाले.

मित्राच्या छोट्या फिल्मच्या शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्या घरी जमलो होतो. जमिनीवर माझी स्केचेस पसरलेली, त्यांच्या कडेकडेने चहाचे कप, आणि कुणाचा पाय कशाला लागेल या धास्तीनं मी भिंतीला टेकून बसलेली. काकांनी एक कागद उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद अगदी नाकाजवळ नेला. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या बाईचं चित्र होतं. माझं आवडतं. मला वाटलं, आता छान म्हणतील. म्हणालेही, "छान आहे." मग बोट सावलीच्या रेघांवरून फिरवत म्हणाले, "पण ह्या रेघा बघ. खालून डावीकडून निघून वर उजवीकडे चाललेत सगळ्या. उजव्या हाताचा माणूस असं शेडिंग करतो. आणि मी डावखुरा."

कंडक्टरची भूमिका मुळात दुसरेच गृहस्थ करणार होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून ऐनवेळी काका आले. बँकेतून निवृत्त, आणि नोकरीची सगळी वर्षं संध्याकाळी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी केलेले. मित्र हसला. "काका, दोन सेकंद दिसणारे ते. रेघ कुठून कुठे गेली, कोण बघतंय?" काकांनी वाद घातला नाही. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले आणि कागद होता तिथेच, होता तसाच ठेवून दिला. त्या ठेवण्याचा मला फार त्रास झाला. भांडले असते तर मीही भांडले असते.

फिल्म एका निवृत्त एसटी कंडक्टरची. नोकरीत असताना तो प्रवाशांची चित्रं काढायचा, घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता, आणि आता घर बदलताना ट्रंकेतून तो गठ्ठा निघतो. एवढीच गोष्ट. अठरा-एकोणीस मिनिटांची. पटकथेत बसमधले प्रसंग भरपूर होते, पण बस भाड्यानं घ्यायची, तीस-चाळीस माणसं आत बसवायची, त्यांना जेवू घालायचं, हे हिशेब मित्रानं एका संध्याकाळी मांडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला. "अगं, बस परवडत नाही. तू काढ." म्हणजे बसमधलं सगळं आठवणींत, आणि आठवणी चित्रांत.

मग मला पटवण्यासाठी त्यानं जगभरचे दाखले काढले. 'कागेमुशा'ला पैसे मिळत नव्हते त्या काळात जपानी दिग्दर्शक कुरोसावांनी अख्खा सिनेमा रंगवून काढला, शेकडो चित्रं, की निदान कागदावर तरी तो असावा. सत्यजित राय 'पथेर पांचाली' घेऊन निर्मात्यांच्या दारोदार फिरले तेव्हा त्यांच्या हातात पटकथेचं रीतसर बाड नव्हतं, रेखाटनांची वही होती. आणि आपल्या कोल्हापुरात तर सिनेमाच चित्रकारांच्या हातून जन्मला: आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे आतेमामे भाऊ, त्यांना या नव्या खेळाचं वेड लागलं, आनंदराव मध्येच गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. हे सगळं खरं आहे आणि मला ते ऐकायला आवडतंही. पण हे सगळे जण स्वतःच्या सिनेमासाठी चित्रं काढत होते, दुसऱ्याच्या सिनेमासाठी मैत्रीखातर नव्हे, हे मी त्याला सांगितलं नाही. पैशांचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. त्यामुळे एक झालं. मानधन घेतलेल्या कामात मी मुकाट्यानं बदल करून देते. इथे प्रत्येक बदलाला भांडले.

खरं तर मला हुरूप आला होता तो त्याच्या दाखल्यांमुळे नाही. माझ्या डोक्यात टीव्हीवरच्या 'मालगुडी डेज'ची सुरुवात होती. आर. के. लक्ष्मण यांची ती रेखाटनं, आणि ती सुरू झाली की आतल्या खोलीतून सगळे बाहेर धावायचे. गोष्ट कुणाची आज लागली ते नंतर कळायचं. त्या रेघांनी गाव आधीच उभं केलेलं असायचं. लहानपणी मी दिवाळी अंकांतली दीनानाथ दलालांची चित्रं ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवली आहेत, वसंत सरवट्यांची माणसं वहीच्या मागच्या पानांवर चोरून काढली आहेत. आता पोट भरते ते मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढून. बदकं, ससे, आजीआजोबा, गणवेशातली मुलं. रेघ स्वच्छ, गाल गोल. सिनेमात आपली रेघ हलत्या चित्रांच्या शेजारी जाऊन बसणार, हे मला भारीच वाटलं होतं.

पहिला गठ्ठा घेऊन गेले. मित्रानं एकेक पान पाहिलं, परत पाहिलं. "तू फार चांगलं काढतेस," म्हणाला. "तोच प्रॉब्लेम आहे."

त्याचं म्हणणं रास्त होतं. सातवीपर्यंत शिकलेला, हातात कागद येईल त्यावर बॉलपेन चालवणारा कंडक्टर इतक्या सराईत पर्स्पेक्टिव्हमध्ये बस काढणार नाही. पण वाईट काढायचं म्हणजे काय करायचं? मी नाक वाकडं काढलं, बोटं जाड केली, खिडक्या लहानमोठ्या केल्या. ते आणखी खोटं दिसायला लागलं. चांगल्या गळ्याचा माणूस मुद्दाम बेसूर गातो तेव्हा तो कुठे बेसूर होणार हेही त्यानं ठरवलेलं असतं, तसं. मित्राचा तोडगा असा की चालत्या गाडीत काढलं की रेघ आपोआप थरथरेल. म्हणून मी स्वारगेटहून वाईच्या गाडीत बसले. महिलांना तिकीट अर्ध्यात, त्यामुळे माझा हा संशोधन दौरा स्वस्तात झाला.

कात्रजच्या बोगद्यापर्यंत लाज वाटण्यातच वेळ गेला. शिरवळ सोडल्यावर पेन काढलं. एसटीत चित्र काढणं म्हणजे गाडीशी वाटाघाटी. आपण हनुवटीची गोलाई घ्यायला जावं आणि नेमका खड्डा यावा, की हनुवटी कानापर्यंत. जाताना गाडी खंबाटकीचा घाट चढली, प्रत्येक वळणाला गाडीतलं सगळं माणूस एका बाजूला कलायचं आणि पेनही. 'आमदार' लिहिलेल्या सीटवर एक कांद्याचं पोतं बसलं होतं, शेजारी त्याचा मालक, पोत्याच्या गळ्यात हात टाकून. मला एकदम खूश झाल्यासारखं झालं. ते तीन-चार पानांवर उतरवलं आणि मान वर केली तर कंडक्टर उभा.

"काय काढताय ताई?"

मी सगळं सांगितलं. फिल्म, कंडक्टर, चित्रं. त्यानं मनापासून ऐकलं आणि मग म्हणाला, "पण तो काढतो कधी?" म्हणजे? "म्हणजे गाडी भरलेली, प्रत्येक स्टॉपला चढउतार, आता मशीन आहे, पण त्याच्या काळात तिकिटाची पेटी, पंच, सुट्टे, वर तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल भरायचं. मध्ये चेकिंग चढलं तर? चालत्या गाडीत कंडक्टर चित्र काढत बसला तर घरी जाईल की तो." मी गप्प. मलाच ओशाळल्यासारखं झालेलं पाहून त्यानंच पुढे रस्ता काढून दिला. "मुक्कामाच्या गाडीला काढेल. रात्री गावात पोचलं, हिशोब झाला, डबा खाल्ला, की मग काय काम असतं? ड्रायव्हर झोपतो. तेव्हा काढेल." सुरूर फाट्याला दोन पोरं चढली, तो तिकडे गेला.

मुक्कामाची गाडी. मी वाईपर्यंत तेवढाच विचार करत राहिले. म्हणजे तो बसून, शांतपणे, थांबलेल्या गाडीत काढतो. रेघ थरथरायचं काही कारणच नाही. आणि समोर प्रवासी नाहीत. दिवसभर पाहिलेली माणसं तो रात्री आठवून काढतो.

चित्रकलेच्या इलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना 'स्मरणचित्र' आठवत असेल. विषय ठरलेले: भाजीबाजार, पाणवठा, बसथांबा. आमच्या सरांची पद्धतही ठरलेली. पुढची माणसं मोठी, मागची लहान, एक तरी आकृती पाठमोरी, एका बाईच्या कडेवर मूल, एका म्हाताऱ्याच्या हातात छत्री. हे पाच-सहा पुतळे आम्ही घोटून घोटून पाठ केलेले होते आणि विषय कुठलाही आला तरी तेच पेपरात उभे करायचो. छत्रीवाला म्हातारा बाजारातही असायचा, पाणवठ्यावरही असायचा. मला ए ग्रेड मिळाली होती. त्या चित्रात स्मरणाचा अंशही नव्हता, हे मला वाईच्या स्टँडवर, कँटीनच्या बाकावर बसल्यावर सुचलं. आणि माझ्या आतापर्यंतच्या गठ्ठ्यातही नव्हता. मी कंडक्टरचा हात कसा असेल याच्या मागे लागले होते. त्याच्या लक्षात काय राहिलं असेल, हे मी विचारलंच नव्हतं.

तर कंडक्टरच्या लक्षात काय राहतं? चेहरे नाहीत. इतके चेहरे कोण ठेवणार. तो उभा, प्रवासी बसलेला. त्याला वरून दिसतात ती डोकी, टोप्या, भांग, आणि समोर येणारे हात. पैसे देणारे हात. नोटेची चौपदरी घडी करून मुठीत धरणारी म्हातारी. पदराच्या गाठीतून नाणी सोडणारी बोटं. दोन बोटांत नोट धरून बघायचंसुद्धा नाही असा ऐटीतला हात. पोराचं वय कमी सांगताना त्या पोराच्या डोक्यावर नकळत जाऊन ते खाली दाबणारा आईचा हात. आणि ओझी: पत्र्याची ट्रंक, कोंबडीची टोपली, लग्नाच्या आहेरातली कळशी. परतीच्या गाडीत मी काहीही काढलं नाही. नुसती प्रवाशांचे हात पाहत बसले, कंडक्टरच्या मागोमाग. परतताना घाट नव्हता, बोगदा होता. बोगद्यात आतले दिवे लागले तेव्हा समोरच्या दांडीवर धरलेल्या हातांची रांग दिसली. ती मी घरी येऊन आठवून काढली. त्या चित्रात एकही चेहरा पुरा नाही. मित्रानं ते पाहिलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग पटकथा उघडून बसमधले चार प्रसंग खोडले आणि मुक्कामाचा एक घातला.

पुढचं काम सुखाचं होतं, पण कटकटीचं. कॅमेऱ्यासमोर पांढराशुभ्र कागद चालत नाही, उजेड पडला की तो भकभकतो आणि रेघ फिकी पडते. म्हणून रद्दीच्या दुकानातून जुन्या चोपड्यांची कोरी पानं उचलली, ती मुळातच पिवळटलेली. जी नवी वापरली ती चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळवली. घरात आठवडाभर चहापत्तीचा वास. पेन्सिल बाद, कारण ग्रॅफाइट तिरप्या उजेडात चमकतं. बॉलपेन बरं, शिवाय कंडक्टरच्या खिशात तेच असणार. बॉलपेनचा एक गुण असा की ते माफ करत नाही. खोडता येत नाही, पुसता येत नाही, रेघ थांबली की टोकाला शाईची गुठळी येते. माझी निम्मी सफाई तिथेच गळाली. काही चित्रांवरून कॅमेरा हळूहळू सरकणार होता, ती ए-थ्री आकारात काढून तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके, अशी स्कॅन केली. तेवढ्यात जेमतेम पाच हजार पिक्सेल रुंदी मिळते, आणि १९२० पिक्सेलच्या पडद्यावर अडीच पट जवळ जाता येतं, त्यापुढे चित्र फुटतं. तेवढं जवळ गेलं की बॉलपेनची रेघ ओळखू येत नाही. कागदाचे तंतू दिसतात, शाई त्यांच्यात उतरलेली, आणि आपण कधीही न काढलेलं काहीतरी तिथे असतं.

एक चित्र कंडक्टर फाडतो. त्याच्या मी कितीतरी प्रती केल्या, कारण जितके टेक तितक्या प्रती लागणार. एकच माणूस, तीच पिशवी, तीच घडी, पुन्हा पुन्हा. शेवटच्या प्रती सगळ्यात चांगल्या झाल्या, आणि त्याच आधी फाटल्या.

इतकं सगळं करून झाल्यावर काकांनी ते शेडिंगचं काढलं. आणि मुद्दा बरोबर होता हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मनगट टेकवून हात फिरवला की उजव्याची रेघ एका बाजूला झुकते आणि डाव्याची दुसऱ्या. लिओनार्डोची चित्रं खरी की शिष्यांची हे ठरवताना जाणकार त्याच्या डावऱ्या शेडिंगचाही आधार घेतात. फिल्ममध्ये काका डाव्या हातानं पेन धरून काढताना दिसणार आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये उजव्या हाताच्या रेघा. प्रेक्षकांपैकी कुणाच्याही लक्षात येणार नाही, मित्र म्हणत होता तेही खरं. पण जो माणूस ती चित्रं 'आपली' म्हणून हातात धरणार होता, त्याच्या लक्षात आलं होतं.

रात्री मित्रानं सुचवलं, स्कॅन उलटे करू, आरशातल्यासारखे. केले. बसच्या पाटीवरचं 'वाई' उलटं झालं आणि ड्रायव्हर डावीकडे जाऊन बसला. मग मी कागद आडवा फिरवून रेघा मारून पाहिल्या; कागद काटकोनात वळवला की झुकाव बदलतो. जमलं, पण त्या रेघा भिंतीला पोपडे काढल्यासारख्या निर्जीव आल्या. शेवटी काकांनाच फोन केला. झोपले नव्हते. रिक्षा करून आले. खिडकीच्या काचेमागे दिवा लावून मी नुसत्या बाह्यरेषा नव्या कागदावर घेत गेले आणि काका जमिनीवर पालथे पडून सावल्या भरत गेले. शाळा सुटल्यापासून चित्र म्हणून काही काढलं नव्हतं त्यांनी. सुरुवातीला रेघ फार जपून यायची, मग जिभेचं टोक बाहेर आलं आणि हात सुटला. कुठे सावली हवी कुठे नको हे मी सांगत होते तोवर ऐकत होते. नंतर ऐकेनासे झाले. एका हमालाच्या पाठीवर त्यांनी इतक्या रेघा भरल्या की ती पाठ काळीनिळी झाली. मला ते पटलं नाही. पण पुसायची सोय नव्हती.

डावखुऱ्या माणसाचा हात लिहिताना नुकत्याच काढलेल्या रेघेवरूनच पुढे सरकतो. पहाटेपर्यंत काकांच्या तळव्याची करंगळीकडची कड निळी झाली होती. सकाळी सेटवर मेकअपवाली मुलगी ती पुसायला कापूस घेऊन आली आणि कॅमेरामन ओरडला, "हात नका लावू त्याला." तो शॉट फिल्ममध्ये आहे. नुसता हात, कागदावर टेकलेला, निळ्या कडेचा.

एडिटिंगला बसले तेव्हा पहिला धक्का असा की मुळात चित्रंच थोडी उरली होती. झोपलेली बाई गेली. कांद्याचं पोतं गेलं, कारण लोक हसतात आणि तिथे हसायला नको होतं. जी राहिली ती दीड सेकंद, दोन सेकंद. सेकंदाला चोवीस फ्रेम्स, म्हणजे फार तर अठ्ठेचाळीस. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढं काम पुस्तकात केलं असतं तर पोरांनी पान चघळलं असतं, पण पाहिलं असतं. मात्र हातांची ती रांग त्यानं पूर्ण सात सेकंद ठेवली आहे, खाली कुठलाही आवाज न घालता. आणि हमालाची पाठ. पडद्यावर ती पाठ जड दिसते. माझ्या हातून ती कधीच तितकी काळी झाली नसती; मी वेळेवर थांबले असते.

आता वाद श्रेयनामावलीचा आहे. 'रेखाटनं' या शब्दापुढे माझं एकटीचं नाव आलं ते मी काढायला सांगितलं. काकांचं हवं म्हटलं. काका म्हणतात, "मी नुसत्या रेघा मारल्या, त्याला काय चित्र म्हणतात?" मित्र म्हणतो, कलाकारांत काकांचं नाव आहेच, दोनदा आलं तर लोकांना ते गोष्टीतलंच काहीतरी वाटेल, गोंधळ होईल. होऊ दे की. दरम्यान काकांनी फोन करून विचारलं, कागद कुठे चांगला मिळतो. अप्पा बळवंत चौकात जा आणि कार्ट्रिज पेपर मागा, असं सांगितलं. साउंडचं काम अजून महिनाभर चालेल असं दिसतंय, तोवर भांडायला वेळ आहे.